वहिनींचं अळू

रियाधमध्ये अळू लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. मोगरा लोक लावायचे, कढीपत्ता तर ज्याला त्याला हवाच असायचा, पुदिना घरोघरी. पण अळू? जिथे पाणी टँकरने यायचं आणि पावसाचे चार शिंतोडे पडले की लोक गाड्या काढून ते बघायला जायचे, तिथे अळू? वहिनींना हे कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "मग काय तेलाचं झाड लावू? ते सरकार काढतंच आहे की."

वहिनी माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याचे साहेब. ओलाया नावाच्या भागामागच्या एका गल्लीत एकाच मालकाची दोन जोडघरं कंपनीने भाड्याने घेतली होती. एकात साहेब आणि वहिनी, दुसऱ्यात आम्ही. दोन अंगणांच्या मधे माणसापेक्षा उंच भिंत आणि त्या भिंतीत एक लोखंडी दार. मी लग्न होऊन तिथे गेले ते बांधकामांच्या ऐन भराचे दिवस. सकाळी खिडकी उघडावी तर काल नसलेला एखादा खांब समोर उभा. नवरा पहाटेच अल सुलैच्या यार्डात जायचा, तिथे कंपनीचं लोखंड आणि पाइप उतरायचे, आणि संध्याकाळी नखशिखांत धूळ होऊन परत यायचा. मधला सगळा दिवस मी, चार भिंती आणि एसीची घरघर. एकटीने बाहेर पडायचं नाही, गाडी चालवायची नाही, भाषा येत नाही. त्यात मी मूळची तापट. आणि इथे तर भांडायलाही कुणी नव्हतं. आल्याआल्याच मी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, की माझा पासपोर्ट द्या, मी चालले पुण्याला. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, तो बिचारा कुठून देणार.

एक दिवस ते लोखंडी दार धाडकन वाजलं आणि हातात झाकलेलं ताट घेऊन वहिनी माझ्या अंगणात आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गुहागरकडच्या. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतली मांजरं पळावीत. माझे डोळे सुजलेले बघून म्हणाल्या, "रडून झालं असेल तर खाऊन घे. नसेल झालं तर खाताखाता रड, पण गरम आहेत तोवर खा."

ताटात अळूवड्या होत्या. मी खाताखाताच रडले. तेव्हापासून ते दार दिवसा कधी बंद झालं नाही.

अळूचे कांदे त्यांनी माहेरून बॅगेत घालून आणले होते, परकरांच्या घडीत. कस्टमवाल्याने बॅग उलटीपालटी करून एक कांदा उचलला आणि विचारलं, "बताता?" वहिनी लगेच म्हणाल्या, "बताता, बताता." अरबीतही बटाट्याला जवळजवळ बटाटाच म्हणतात हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि त्या भाषेबद्दल त्यांचं मत कायमचं चांगलं झालं. मागच्या अंगणात, धुण्याच्या जागेचं पाणी जिथून वाहायचं तिथे, भिंतीच्या सावलीत त्यांनी ते कांदे पुरले. बाकीची झाडं तुपाच्या रिकाम्या डब्यांत आणि साहेबांनी यार्डातून कापून आणलेल्या अर्ध्या पिंपांत. मोगरा, कढीपत्ता, गवती चहा, ओवा, कोथिंबीर. आणि एका कोपऱ्यात, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही अशी तुळस. घरमालक, एक हसरा म्हातारा, भाड्याला आला की त्या तुळशीपाशी थांबायचा, एक पान चुरडून नाकाशी धरायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "रेहान!" त्यांच्याकडे तसल्याच वासाचं झाड असतं, त्याचं ते नाव. पहिल्यांदा वहिनी तुळस लपवायला पुढे धावल्या होत्या. मग म्हणाल्या, "डोळे मिटतोय ना तुळशीपुढे? मग नाव काही घेईना."

मला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. माहेरी आमच्या गॅलरीत बाटलीतली मनीप्लँट होती आणि तीही आई जगवायची. वहिनींना ही थट्टेला चांगली जागा मिळाली. "तुम्ही पुण्याची माणसं. आल्यागेल्याला पाणी विचारत नाही, ती झाडाला काय घालणार!" मीही गप्प बसत नसे. "आणि तुम्ही कोकणातली. विचारता पाणी, पण आधी दहा शिव्या घालून." असं आमचं रोज चालायचं. नवरा म्हणायचा, तुमच्या दोघींच्या भांडणाने मला घरी आल्यासारखं वाटतं.

त्या वर्षी जुलैत साहेब आणि वहिनी दोन महिन्यांच्या रजेवर भारतात जायचे होते. जुलै म्हणजे रियाधमध्ये सकाळी आठला दाराची कडी हाताला चटका देते. एक दिवस पाणी चुकलं तर कोथिंबीर गेली, दोन दिवस चुकलं तर सगळंच गेलं. तेव्हा वहिनींनी मला कामाला जुंपलं. निघायच्या आधीचा सगळा आठवडा माझी शिकवणी चालली होती. टाकी गच्चीवर, त्यामुळे दिवसा नळाला येतं ते पाणी नव्हे, चहाचं आधण. म्हणून संध्याकाळी पिंपं भरून सावलीत ठेवायची आणि ते निवलेलं पाणी पहाटे वापरायचं. मोगऱ्याला बुडाशी, पानांवर नाही. कढीपत्त्याला बेताने. मी मान डोलवत होते. अळवापाशी आल्यावर मात्र त्या थांबल्या आणि हातातला पाइप माझ्यापुढे नाचवून म्हणाल्या, "बाकीच्यांना पाणी घालायचं. ह्याला पाणी सोडायचं. घालणं वेगळं नि सोडणं वेगळं. पाइप बुडाशी ठेवायचा नि सोडून द्यायचं, कळलं? आमच्याकडे बागेत सोडतात तसं."

"कळलं. बी.ए. झालेय मी, मराठी घेऊन."

"तेच तर भय आहे," वहिनी म्हणाल्या.

जाताना साहेब माझ्या नवऱ्याला यार्डाच्या किल्ल्या देत होते आणि वहिनी मला घराच्या. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या, "अळू मेलं तर मला तोंड दाखवू नकोस." साहेब नेहमीसारखे नुसते हसले. ते तेव्हाही जरा पिवळट दिसत होते, पण उन्हाळ्यात सगळेच तसे दिसतात.

पहिल्या आठवड्यात मी कोथिंबीर शिजवली. झोप मोडली नाही म्हणून उशिरा गेले आणि घाईत थेट नळाचा पाइप लावला. कोथिंबीर जागच्या जागी मान टाकून बसली, वर तिचा मस्त वास सुटला. मी इतकी घाबरले की दुसऱ्या दिवसापासून अलार्म लावून उठायला लागले. रोज पहाटे लोखंडी दार उघडायचं, वहिनींच्या अंगणात जायचं, पिंपातलं पाणी डब्याडब्याला घालायचं आणि शेवटी अळवापाशी पाइप सोडून पायरीवर बसायचं. आधी मी हे वैतागून करत होते. मग लक्षात आलं, की त्या पायरीवर बसल्यावर मला पुण्याची आठवण येईनाशी झालीय. अळवाचं एखादं पान वळकटी सोडत असायचं, ते किती उघडलं हे बघायची मला घाई असायची. एकदा दुपारी धुळीचं वादळ उठलं. सगळं आकाश विटकरी झालं. मी धावत जाऊन लग्नात मिळालेल्या सोलापुरी चादरी सगळ्या झाडांवर घातल्या आणि वर विटा ठेवल्या. संध्याकाळी नवरा म्हणाला, "मला वाटलं, तू आपल्या चादरी जपून ठेवल्यायस." म्हटलं, "जपलंच आहे. चादरींखाली बघा."

आणि मी झाडांशी बोलायला लागले. माझ्या आवाजात नाही, वहिनींच्या. "मेल्या, कालच पाजलं ना तुला?" असं मोगऱ्याला म्हटलं की बरं वाटायचं. त्या आल्यावर त्यांना सांगायच्या गोष्टी मी साठवत होते. ओव्याने डबा फोडून मूळ बाहेर काढलं ही एक. मालक येऊन रेहान हुंगून गेला आणि वहिनी नाहीत म्हटल्यावर त्याने तुळशीलाच हात उंचावून सलाम केला ही दुसरी. ऑगस्ट संपला की त्या येणार होत्या. मी दिवस मोजत नव्हते, पण मला त्यांच्याशिवाय फार कठीण जात होतं हे खरं आहे.

ऑगस्टच्या मध्यावर एका शुक्रवारी, नवरा जेवून आडवा झालेला असताना फोन वाजला. तेव्हाचे भारतातून येणारे फोन म्हणजे अर्धा वेळ खरखर आणि उरलेला अर्धा वेळ आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येतो.

"हॅलो! मी बोलत्ये गो!"

"वहिनी! कधी येताय?"

"ह्यांचं जरा..." खरखर. "...झाडं..."

"झाडं मस्त आहेत वहिनी! तुमचं अळू तर..."

"अगो, ऐक. झाडांवर पाणी सोड."

"हो, सोडते की!"

"सगळ्याच झाडांवर सोड. अळवावरसुद्धा."

"भरपूर सोडते वहिनी, तुम्ही काळजी करू नका!"

मधे नुसतीच खरखर. मग त्यांचा आवाज एकदम जवळ आला, आणि वहिनींचा वाटू नये इतका हळू. "गुणाची ती. वाईट वाटून घेऊ नको हो." आणि फोन तुटला.

नवऱ्याने डोळे न उघडता विचारलं, "काय म्हणतायत?"

"सगळ्याच झाडांना पाइपने पाणी सोडायला सांगितलंय. उन्हाळा जास्त आहे म्हणून असेल. वाईट वाटून घेऊ नको म्हणाल्या."

"वाईट कशाचं?"

"टँकरचं असेल. जास्त पाणी जाणार ना आता."

त्याला ते पटलं आणि तो झोपला. मलाही पटलं. कोकणातल्या बाईने पाण्याच्या बाबतीत सांगितलेलं ऐकावं, एवढी अक्कल मला आली होती.

मग मी जी पाणी सोडायला सुरुवात केली! मोगऱ्याला, ओव्याला, गवती चहाला, सगळ्यांना अळवासारखं. नेमकी त्याच सुमाराला टँकरवाल्यांची टंचाई झाली. फोन करावा तर पलीकडून "बुक्रा, बुक्रा", म्हणजे उद्या, आणि तो उद्या काही उगवायचा नाही. पण मी वहिनींना शब्द दिला होता. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत जमा व्हायला लागलं. शेवटी मी नवऱ्याला यार्डातून एक मोठं घमेलं आणायला लावलं आणि त्यात उभं राहून आंघोळ करायला सांगितलं.

"अहो, साबण कमी लावा. मोगऱ्याला चालत नाही."

"आपण इथे चार पैसे मिळवायला आलोय की मोगऱ्याला आंघोळी घालायला?" तो आतून ओरडला. पण साबण कमी लावला. हा माणूस बरा आहे, असं मला त्या घमेल्याच्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून वाटलं.

झाडांना ते पाणी काय मानवलं म्हणून सांगू! सावलीत, एवढ्या पाण्यावर, अळवाची पानं सुपाएवढी झाली. मोगऱ्याला एका वेळी इतक्या कळ्या आल्या की मी गजरा करून, कुणी बघणारं नसताना, घरातल्या घरात माळून हिंडत होते. ऑगस्ट संपला. वहिनी आल्या नाहीत. रजा वाढवलीय, एवढंच ऑफिसात कळलं होतं.

सप्टेंबरात एका संध्याकाळी नवरा आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला. मी चहा ठेवला. तो म्हणाला, "साहेबांच्या हार्टचं मोठं दुखणं निघालंय. डॉक्टरांनी इकडे यायचं नाही म्हणून सांगितलं. नोकरी सोडली त्यांनी. फक्त हिशोब पुरा करायला आणि इकामा, तो राहण्याचा परवाना, परत करायला आठवडाभर येतील. घर खाली करायचंय."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तीन-चार दिवस झाले. तुला सांगायचा धीर होत नव्हता."

मी त्याच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. आणि त्या उघड्या तोंडानेच माझ्या लक्षात आलं. झाडांवर पाणी सोड. झाडांना नाही, झाडांवर. सगळ्याच झाडांवर सोड, अळवावरसुद्धा, आणि वाईट वाटून घेऊ नको. आपण नाही का म्हणत, त्या जमिनीवर पाणी सोडलं, त्या नोकरीवर पाणी सोडलं. वहिनी मला सांगत होत्या, की आम्ही येत नाही, झाडांची आशा सोड. आणि बी.ए. मराठी झालेली मी पाइप घेऊन धावले होते.

नवऱ्याला मी सांगितलं तेव्हा त्याला आधी हसू फुटलं. माझ्याकडे बघून ते विझलं.

मला राग आला. साहेबांच्या दुखण्याचं वाईट वाटलंच, पण राग आला वहिनींचा. एवढी गोष्ट कुणी फोनवर दोन शब्दांत उरकतं का? ह्या बाईने मला या वाळवंटात हाताला धरून उभी केली, आणि आता दोन शब्दांत मोकळी? नवरा हळूच म्हणाला, "आता तरी घमेलं बंद करू या का? त्यांनीच सांगितलंय ना." मी म्हटलं, "मला काही ऐकू आलं नाही. लाइन खराब होती." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून लोखंडी दार उघडलं.

मला काय हवं होतं ते सांगायला आता लाज वाटत नाही. मला वाटत होतं, की वहिनी आठवड्यासाठी येतील, ते डवरलेलं अंगण बघतील आणि त्यांचा पाय निघणार नाही. साहेबांचं दुखणं, डॉक्टर, सरकार, कंपनी ह्या सगळ्यांपुढे मी अळू उभं केलं होतं. वहिनी स्वतःच नेहमी म्हणायच्या, की इथलं आपलं राहणं म्हणजे अळवावरचं पाणी. तरी मी त्या पायरीवर बसून अळवालाच सांगायची, अडव बाबा त्यांना.

त्या आल्या तेव्हा साहेबांच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. वहिनी आवाज बारीक करून त्यांना "हळू, पायरी आहे" म्हणत होत्या. मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि लगेच खोके भरायला लागल्या. भांडी, चादरी, मसाल्याचे डबे. मी मदत करत होते आणि वाट बघत होते, की आता मागचं दार उघडतील, मग उघडतील. त्या दाराकडे बघतच नव्हत्या. दुपार झाली. शेवटी माझ्याच्याने राहवेना. मी त्यांचा हात धरला आणि स्वयंपाकघरातून ओढत मागे नेलं.

त्या उंबऱ्यातच थांबल्या. मोगरा फुलला होता. गवती चहाने अख्खं पिंप झाकलं होतं. आणि भिंतीच्या सावलीत ते अळू, पानावर पान.

"अगो," वहिनी म्हणाल्या, "मी तुला सांगितलं होतं ना, पाणी सोड म्हणून?"

"सोडलं की. रोज सोडलं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांना कळलं. त्या हसायला लागल्या. खो खो हसल्या, भिंतीला धरून हसल्या, आतून साहेबांनी "काय झालं?" म्हणून विचारेपर्यंत हसल्या. मीही हसत होते. मी शाबासकीची वाट बघत होते. आणि हसताहसता वहिनींचा चेहरा वाकडा झाला आणि त्या उंबऱ्यावर मटकन बसल्या.

"कशाला जगवलीस?" त्या म्हणाल्या. "मी तिकडे हॉस्पिटलात ह्यांच्या उशाशी बसून एकेका झाडावर पाणी सोडलं होतं. मोगरा गेला, कढीपत्ता गेला, अळू गेलं. मनातल्या मनात सगळ्यांना पोचवून आले होते. म्हटलं, तिथे जाऊन वाळक्या काटक्या बघायच्या नि दार ओढून घ्यायचं. आता हे सगळं परत पहिल्यापासून सोडायचं?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले. मग त्या उठल्या, तोंड धुतलं आणि पुन्हा खोके भरायला लागल्या. मागचं दार त्यांनी लावून घेतलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कष्टाचं काम मी केलं होतं, आणि त्याने माझ्या लाडक्या माणसाला दुखवलं होतं. त्या रात्री मी जेवले नाही.

दोन दिवस त्या मागे फिरकल्या नाहीत. मी आपली गुपचूप पाणी घालून यायची. तिसऱ्या दिवशी पहाटे मी लोखंडी दाराला हात लावला आणि पलीकडून आवाज आला. "मेल्या, एवढा माजलास होय! कुणी पाजलं तुला एवढं? त्या पुणेकरणीने? तिला सांग, मोगऱ्याला पाण्यात पोहायला शिकवायचं नसतं!" मी दाराआड उभी राहून सगळी शिवीगाळ ऐकली. माझ्या जिवात जीव आला.

मग उरलेले दिवस त्यांनी खोके बाजूला टाकले आणि अळू कापलं. रोज वड्या. साहेबांना तळलेलं बंद होतं, त्यांना फदफदं, तेही बिनतेलाचं. ते निमूटपणे खायचे आणि आमच्या वड्यांकडे बघायचे. घर ताब्यात आलं की मालक मागच्या अंगणात सिमेंट घालून गाडी ठेवायची जागा करणार होता. तो येऊन तसं सांगून गेला, आणि जाताना तुळशीचं पान चुरडून म्हणाला, की हे एवढं मात्र राहू दे. वहिनी म्हणाल्या, "ह्याला माझ्या तुळशीचीच काय ती माया." पण राहणार कुठे? शेवटी आम्ही दोघींनी, मधेमधे नवऱ्यालाही हाताशी घेऊन, सगळे डबे आणि पिंपं त्या लोखंडी दारातून माझ्या अंगणात आणली. तुळस वहिनींनी स्वतः उचलून आणली. शेवटच्या संध्याकाळी अळू खणून काढलं आणि माझ्या धुण्याच्या जागेपाशी लावलं. मुळं दुखावली गेल्यामुळे त्याची उरलेली पानंही लगेच लोळली.

सकाळी कंपनीची गाडी आली. सामान चढलं. साहेब पुढच्या सीटवर बसले. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, करत होता. वहिनी मात्र माझ्या अंगणात शिरल्या, नळाला पाइप लावला, तो अळवाच्या बुडाशी ठेवला आणि पाणी सोडलं.

"मरेल ते," मी म्हटलं.

"मरत नाही. जागा बदलली की रुसतं चार दिवस. मग धरतं मूळ. कसलीही जागा असली तरी धरतं."

"मला नकोय तुमचं अळू," मी एकदम ओरडले. नवरा दारात येऊन उभा राहिला. "मला काहीच नकोय. मोगरा नको, काही नको. तुम्ही राहा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या रडतील. पण त्यांनी माझ्या गालावर एक हलकी चापट मारली. चिखलाचा ओला हात तसाच माझ्या गालावर राहू दिला आणि म्हणाल्या, "अगो वेडे, मी राहिले असते, तर तुला माझ्या अळवाला हात तरी लावू दिला असता काय?"

पदराला हात पुसत त्या गाडीत जाऊन बसल्या. त्यांनी काच खाली केली नाही. गाडी गल्लीच्या टोकाला वळली, दिसेनाशी झाली, तरी मी तिथेच उभी होते.

बऱ्याच वेळाने नवरा म्हणाला, "अगं, पाणी चालू आहे. टाकी रिकामी होईल."

मी म्हटलं, "होऊ दे."